थरथर नावाचा ब्रश

मले शिव्या द्याच्या असतीन तं द्या, पण आधी पुरतं ऐकून घ्या. अर्धवट ऐकून मलकापुरातले अर्धे लोक माह्याकडे पाहून थुंकतात, अन् तेच लोक दुसऱ्या दिवशी पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स घ्याले माह्याच दुकानात येतात. मी शेखर. स्टेशन रोडवर माह्यं फ्लेक्सचं दुकान हाये. लग्न, तेरवी, आमदाराचं स्वागत, खताची जाहिरात, सगळं एकाच मशीनवर निघते.

हे जे सांगून राह्यलो, ते रहेमतचाचाचं हाये. रहेमतुल्ला पेंटर. चाळिशीच्या वरच्या कोणालेही विचारा, मलकापूरपासून उंद्रीपावेतो असं गाव नसन जिथं या माणसाची भिंत नाई. बीटी कपाशी नवीन आली त्या सालाईत बियाण्याच्या कंपन्याईले भिंती पाहिजे होत्या, अन् कंपनीच्या माणसाईले चाचाच पाहिजे होता. पांढऱ्या चुन्यावर हंड्याएवढं बोंड काढाचं, खाली निळ्या अक्षरात लिहाचं, ‘अळीची चिंता सोडा’. चाचा दोरी मारत नसे, पट्टी लावत नसे. शिडीवर चढला, एक डोळा बारीक केला, अन् शिरोरेघ ओढली की वीस फूट सरळ. सात वर्सं म्या त्याच्या हाताखाली काढले. अक्षर काय चीज असते, ते मले त्या माणसानं शिकवलं.

मंग म्या काय केलं? फ्लेक्सची मशीन आणली. चाचाले ज्या कामाले दोन दिवस लागत, ते मी चाळीस मिनटात देऊ लागलो. दोन सालात भिंती बंद पडल्या. त्याच्या पोटावर पाय म्याच देला, नाई म्हणत नाई. म्या नसती आणली तं दुसऱ्या कोणी आणली असती, हे बी तेवढंच खरं. चाचानं मले एक वाकडा शब्द बोलला नाई. दुकानाच्या उद्घाटनाले पेढे घेऊन आला होता.

भिंती गेल्यावर चाचा फवारणीच्या मजुरीले जाऊ लागला. ज्या कपाशीले फवाराच लागत नाई म्हून गावोगाव लिहिलं, तिच्याच तासाईतून, ओळीओळीतून, पाठीवर पंप बांधून फिरला. सतरा साली गुलाबी बोंडअळी आली तवा लोकाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकात कालवून मारत होते, अन् कपाशी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. चाचा भर दुपारी तासात पडला. अकरा दिवस दवाखान्यात होता. जीव वाचला, पण उजवा हात तवापासून हलते. डॉक्टरनं एक गोळी लावून देली. ती घेतली की तीन-चार घंटे हात निवांत राह्यते, मंग पुन्हा सुरू. सुगराबी चाची कापसाच्या जिनिंगमधी कामाले जाते, तिच्यावरच घर चालते.

आता ब्रशाचं सांगतो. कॉम्प्युटरवर चित्र काढणाऱ्याईचा ब्रश केसाचा नसते. खऱ्या कुंचल्यानं कागदावर एक रेघ काढाची, ती स्कॅन कराची, मागचा पांढरा भाग उडवाचा, अन् तो ठसा सॉफ्टवेअरमधी भरून ठेवाचा. मंग टॅबवर पेन फिरवला की तीच रेघ उमटते, कुंचल्याच्या केसासकट. असे ब्रश बनवून एकमेकाले वाटणाऱ्याईचा एक ऑनलाइन ग्रुप हाये. पुण्याचे, कोल्हापूरचे, बाहेर देशातले बी लोक हायेत त्याच्यात. तिथं पैसा लागत नाई. कायदा एकच, आपला संच टाकल्याशिवाय दुसऱ्याचा भेटत नाई. म्हणजे तिथं ज्याचा संच जास्त चालते, तो मोठा.

म्या दोन संच टाकले, कोणी ढुंकून पाह्यलं नाई. एकदा व्हिडिओ मिटिंगमधी तोंड उघडलं तं पुण्याची एक बाई हसून म्हणे, “किती गोड बोलता हो तुम्ही, नाटकातल्या गड्यासारखं.” बाकीचे बी हसले. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणलं थांबा, खरं अक्षर काय असते ते तुमाले दाखवतो. अन् मले चाचा आठवला.

एका शुक्रवारी नमाजानंतर कागद अन् काळी शाई घेऊन त्याच्या घरी गेलो. चाचाले लय आनंद झाला. पेटीतून आपला जुना कुंचला काढला, फुंकर मारली, शाईत बुडवला, अन् रेघ ओढली तं ती मुंगळ्याईच्या रांगेसारखी वाकडीतिकडी गेली. गोळीचा असर उतरला होता. चाचा शरमला. म्हणे थांब, गोळी घेऊन येतो. मले घाई होती, म्हणलं राहू द्या, एवढंच पाहू. आडव्या, उभ्या, काना, वेलांटी अशा बारा रेघा घेऊन घरी आलो. फेकूनच देणार होतो.

पण स्कॅन केल्यावर पाह्यतो तं काय! मशीननं हलवलेली रेघ लगेच ओळखू येते, सगळ्या लाटा सारख्या असतात. याची एक लाट दुसरीसारखी नव्हती. रेघ जागोजागी अडत होती, पुन्हा उचलत होती, मधीच शाईचा ठिपका सोडत होती. अशी रेघ कोणी मुद्दाम काढूच शकत नाई. म्या बारा ब्रश बनवले अन् संचाले नाव देलं ‘थरथर’. खाली माह्यं नाव टाकलं. माहितीच्या रकान्यात लिहिलं, ‘फवारणीने हललेल्या म्हाताऱ्याच्या हाताची रेघ. भूत, दारुडा, मरतानाची चिठ्ठी, कशालाही चालेल.’ हसत हसत लिहिलं, खोटं काऊन बोलू.

आठ दिवसात अकरा हजार लोकाईनं तो संच उतरवून घेतला. पुण्याच्या त्याच बाईचा मेसेज आला, ‘शेखर सर, काय अस्सल रेघ आहे ही!’ सर म्हणे. म्या तो मेसेज बायकोले दाखवला, शेजारच्या मेडिकलवाल्याले दाखवला. कोणी भुताच्या मालिकेचं नाव त्या ब्रशानं लिहिलं. एका विनोदी पेजवर दारू पिलेल्या आजोबाचे पत्र सुरू झाले. आणिक एक पेज होतं, शेतकऱ्याईच्या बातम्याचं. कोणी औषध पिलं की त्याच्या फोटोखाली हे लोक त्याची शेवटची चिठ्ठी म्हून काहीतरी मनानंच लिहून टाकत, अन् ते बी ‘थरथर’नं. ते म्या पाह्यलं. पाह्यलं अन् पुढं सरकवलं.

मंग मागणी आली, सर, पूर्ण अक्षरं द्या. अ पासून ज्ञ पावेतो, एकेक अक्षराचा ठसा पाहिजे. ग्रुपनं जाहीर बी करून टाकलं, एक जूनले दुसरा संच, अन् त्याच दिवशी शेखर सर ऑनलाइन शिकवतीन. माह्या डोक्यात हवा गेली होती. ज्याईनं मले गडी म्हणलं, तेच माह्यापुढं वही घेऊन बसणार होते.

चाचाले सांगतलं, दुनियाभरचे लोक तुमचा हात मागून राह्यले. त्याले आकडा दाखवला, अकरा हजार. लोक त्या हाताचं काय करतात, ते दाखवलं नाई. चाचा रोज सकाळी आठ वाजता दुकानात येऊ लागला, आंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून, डोळ्यात सुरमा लावून. पहिल्या दिवशी गोळी घेऊन आला होता, तं हात बऱ्यापैकी चालला अन् माह्या काई कामाचा राह्यला नाई. म्या त्याले म्हणलं, “सकाळची गोळी घेत नका जाऊ चाचा. गोळीनं रेघ मरते. लोकाईले तुमचा खरा हात पाहिजे.”

 चाचा हाव म्हणे.

तरी बी आयुष्यभराची सवय. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरे अन् अक्षर सरळ काढाचा जोर करे. एक दिवस ‘त’ असा उतरला की जसा काई जुन्या भिंतीवरून उचलून ठेवला. चाचाच्या कपाळावर घाम होता. त्यानं तो कागद दोन्ही हातानं उचलून मले दाखवला अन् म्हणे, “पाह्य, आला.” म्या कागद घेतला, चुरगाळला, टोपलीत टाकला. म्हणलं हे नाई चालत चाचा, कालच्यासारखं पाहिजे. तो घडीभर त्या टोपलीकडे पाहत बसला. मंग तुमच्या जमान्याचं तुमालेच माहीत म्हणे, अन् मनगट सोडून देलं. त्या दिवसापासून त्याचा पक्का समज झाला की आता असंच अक्षर चांगलं मानतात. हात जेवढा हलन, तेवढा तो खुश होऊन माह्याकडे पाहे.

अन् हे तो चहाच्या टपरीवर सांगत फिरला. दुनिया माह्या हातानं लिहून राह्यली म्हणे. ती गोष्ट उंद्रीच्या पंजाबरावच्या कानावर गेली. पंजाबराव बियाण्याचा व्यापारी, आखजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले, नवीन कृषी केंद्र उघडणार होता. त्याच्या जुन्या दुकानाची भिंत एकेकाळी चाचानंच रंगवेल होती. त्याले वाटलं, रहेमत पेंटर पुन्हा कामाले लागला तं नवी भिंत बी त्याच्याच हातची होऊ दे, सगळ्या गावासमोर. चाचानं लगेच हो म्हणलं. बारा वर्सानं त्याले भिंत भेटली होती.

आखजीच्या आदल्या दिवशी सुगराबी चाची जिनिंगमधून सरळ माह्या दुकानात आली. केसात, पदरावर रुईचे तंतू तसेच होते. बसा म्हणलं तं बसली नाई. म्हणे, “शेखर, तू त्याईचा शागीर्द हायेस. माह्यं ऐकत नाईत, तुह्यं ऐकतीन. घरी त्याईले पाण्याचा गिलास धरता येत नाई. सगळ्या गावात तमाशा होईन रे. त्याईले म्हण, भिंत नको.”

मले सगळं समजत होतं. मी काई दूधखुळा नाई. पण ‘ध’ पासून ‘ज्ञ’ पावेतो अठरा अक्षरं राह्यली होती. हात बिघडला म्हून सांगतलं असतं, तं चाचानं विचारलं असतं, मंग तू रोज वाहवा कायची करून राह्यला? अन् दुसऱ्या दिवसापासून तो आला नसता. म्हणलं, “चाची, हात बरा होऊन राह्यला त्याईचा. मी रोज पाहतो ना. जाऊ द्या त्याईले.”

तिनं ते खरं मानलं. अल्लाचा शुकर म्हणे, अन् माह्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

आखजीच्या दिवशी माह्याच गाडीवर चाचाले उंद्रीले नेलं. मागं बसून तो पूर्ण रस्ताभर बोलत होता. हे गाव, ती भिंत, त्या कंपनीचा माणूस, अमक्या गावात लोकाईनं बोंड पाहाले बैलगाड्या थांबवल्या. खामगावजवळ म्हणे, “गोळी घेतली नाई बरं, घरीच ठेवली. तू म्हणतो तसं.” रस्त्यानं चार मेडिकल लागले. कुठंही गाडी थांबवून तीच गोळी घेऊन देता आली असती. म्या गाडी थांबवली नाई.

दुकानासमोर मंडप होता, सरबत होतं, साठ-सत्तर लोक होते. पंजाबरावनं चाचाले हार घातला, म्हणे या माणसानं आमाले बीटी वाचाले शिकवली. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. ‘पंजाबराव कृषी केंद्र’ एवढंच लिहाचं होतं. चाचा शिडीवर चढला, एक डोळा बारीक केला अन् शिरोरेघ ओढली.

रेघ जशी जाची तशी गेली. कागदावर बोटभर हलते, ते भिंतीवर हातभर हलते. ‘पं’ झाला, ‘जा’ झाला. रंगाचे ओघळ खाली उतरले.  मंग मागून कोणीतरी खुदकन हसलं, अन् एक हसला की दुसऱ्याले दम निघत नाई. पोट्टे मोबाईल वर करून शूटिंग घेऊ लागले. शंकरराव म्हून एक म्हातारे शेतकरी होते, ते शिडीजवळ जाऊन हळूच म्हणे, रहेमतभाई, उन लागलं असन, उतरा खाली, सरबत घ्या.

चाचाले अजून समजलंच नव्हतं. तो वरूनच हसला, जसा काई गावाले नवीन गोष्ट समजावून सांगून राह्यला. म्हणे, “आजकाल असंच चालते भाऊ. शेखरले विचारा.”

सगळ्याईनं माह्याकडे पाह्यलं. म्या मान खाली घातली.

पंजाबरावची पोरगी प्रतीक्षा पुण्याले चित्रकलेच्या कॉलेजात हाये. तिच्या मनात काई वाईट नव्हतं. उलट ती लय खुश झाली. धावत शिडीपाशी आली, म्हणे काका, हा तर थरथर ब्रश, आमच्या कॉलेजात सगळे वापरतात, तो तुमच्या हाताचा आहे? अन् मोबाईल काढून तिनं त्याले ग्रुपवरचं माह्यं पान दाखवलं. चाचा दोन पायऱ्या उतरला. मोबाईल त्याच्या हातात टिकेना म्हून तिनंच धरला. पेंटर माणूस, पाटी दिसली की मोठ्यानं वाचाची त्याची जुनी सवय. त्यानं तिथं लिहेल सगळं मोठ्यानं वाचलं. फवारणीने हललेल्या म्हाताऱ्याच्या हाताची रेघ. भूत. दारुडा. मरतानाची चिठ्ठी. शेवटच्या शब्दापावेतो वाचलं, अन् ते सगळ्या मंडपानं ऐकलं.

त्याच्याखाली लोकाईनं त्या ब्रशानं केलेले चित्रं होते, ते प्रतीक्षानं बोटानं सरकवले. ती बी आता गडबडली होती, बंद करू का चालू ठेवू, तिले समजत नव्हतं. भूत आलं. दारुडा आला. मंग एका मेलेल्या शेतकऱ्याचा फोटो आला अन् त्याच्याखाली चार ओळी, ‘माझ्या मागे लेकरांना सांभाळा’. चाचानं डोळे किलकिले करून त्या ओळी पाह्यल्या. अक्षर आपलंच हाये, हे त्याले कोणी सांगाची गरज नव्हती.

“हे म्या कवा लिहिलं?” त्यानं विचारलं.

पोरगी म्हणे, काका, ते कॉम्प्युटरवर लिहिलंय, फक्त ब्रश तुमचा आहे. चाचानं मान हलवली. मंग त्यानं माह्याकडे पाह्यलं, सगळ्या लोकाईतून बरोबर माह्याकडे. म्हणे, “म्हून गोळी घेऊ नको म्हणत होता?”

 

तो खाली उतरला, कुंचला रॉकेलात धुतला, फडक्यानं पुसला, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. माह्या गाडीवर बसला नाई. शंकररावनं त्याले एसटीपावेतो सोडलं. पंजाबरावनं दुपारीच भिंतीवर चुना मारला अन् मले बाजूले घेऊन म्हणे, आता तूच फ्लेक्स लावून दे, पण अक्षर रहेमतचं जुनं पाहिजे. जुन्या भिंतीईचे फोटो माह्याजवळ होतेच. त्याच्यावरून बनवला, संध्याकाळी लावला, सगळे म्हणे मस्त झाला. शूटिंग बी तोवर सगळ्या तालुक्यात फिरलं होतं. सुगराबी चाचीले जिनिंगमधल्या बायाईनं ते दाखवलं. तिनं त्या दिवसापासून माह्याकडे पाह्यलं नाई, आजपावेतो नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चाचा दुकानात आला.

म्या अजून झाडू बी मारला नव्हता. अंगावर धुतलेला कुर्ता होता, हात हलत होता. आपल्या जागेवर बसला, कुंचला काढला अन् म्हणे, “ध वर थांबलो होतो आपण.”

म्हणलं, चाचा राहू द्या, माह्याकडून चुकलं. पाया पडतो म्हणलं, अन् खरंच वाकलो. त्यानं पाय मागं घेतले.

“अर्धी भिंत सोडून मी काल पहिल्यांदा उतरलो,” तो म्हणे. “आता दुसरं काम अर्धं ठेवत नाई. काढ कागद.”

तुमी म्हणसान, म्या नाई म्हणाले पाहिजे होतं. बाहेर बसून सगळ्याईले असंच वाटते. एक जून सोळा दिवसावर आला होता. म्या कागद काढला.

‘ध’ झाला, ‘न’ झाला. आता तो मनगट दाबत नव्हता, माह्याकडे पाहत बी नव्हता. हात हलत होता तसा हलू देत होता. एकेक अक्षर पाच-पाच खेपा काढलं, कागद बाजूले सरकवला, पुढचं घेतलं. मधी गिऱ्हाईक आले, मशीन चालली, कोणी चहा आणला, तो तसाच थंड झाला. दुपारी एक वाजता ‘ज्ञ’ झाला.

चाचानं तो कागद माह्यापुढं ठेवला अन् म्हणे, “पाहून घे. बराबर हलला का?”

“हाव,” म्या म्हणलं.

म्हणलं चाचा, या खेपेले तुमचं नाव टाकतो. त्यानं नको म्हणलं. ज्याले असा हात पाहिजे होता, त्याचंच राहू दे म्हणे. मंग खिशातून गोळी काढली, पाणी मागतलं, दोन्ही हातानं गिलास धरून पिलं. अर्धं पाणी कुर्त्यावर सांडलं. ते पुसतच तो बाहेर गेला.

म्या कागद वाळू देले अन् स्कॅनर सुरू केला. एक जूनले दुसरा संच टाकला, माह्याच नावानं. पहिल्यापेक्षा बी जास्त चालला.